हाकेला ओ

उन्हाळ्यातल्या सकाळी येलदरीच्या धरणाखाली, नदीकाठच्या दगडी भिंतीवर पाण्याची जाळी हलत असे. खाली पूर्णेचं पाणी संथ वाहायचं, त्यावर तिरपं ऊन पडायचं, आणि पाण्यानं परतवलेले ते कवडसे भिंतीवर सोनेरी तारांसारखे विणले जायचे, उसवायचे, पुन्हा विणले जायचे. मेंढ्या राखताना त्या झगमगाटाकडे पाहत बसणं एवढाच आम्हा दोघी बहिणींचा विलास. मी नुसती पाहायची. माझी थोरली बहीण, अक्का, मात्र उठून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मग ती जाळी तिच्या विटक्या झग्यावरून, गळ्यावरून, मिटलेल्या पापण्यांवरून वाहू लागे आणि तिचे हात आपोआप उचलले जात. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या अंगावर उजेड नाचायचा की उजेडाच्या अंगावर ती, हे मला कधी कळलं नाही.

आपण सगळेच उजेड पाहतो. पण एखाद्याच्या देहात तो शिरून बसतो आणि मग आयुष्यभर बाहेर पडायची वाट शोधत राहतो, असं असेल का? अक्काकडे पाहिलं की मला हा प्रश्न पडतो. आणि उजेडासारखाच एक स्वरही तिच्यात शिरला होता, आप्पांच्या हाकेचा. आमचे वडील, म्हणजे आप्पा, माळावरून मेंढ्यांना हाक मारत, तिला शब्द नव्हते. छातीच्या तळातून निघालेला एक लांबलचक स्वर, शेवटी किंचित वर उचललेला, जणू पुढं काही विचारायचं राहून गेलंय. तो ऐकला की चरणाऱ्या मेंढ्यांच्या माना एकदम वर होत. अक्का म्हणायची, "बघ, हाक कानाला लागत नाही. आधी मानेला लागती."

अक्काचं नाव सुमन. तिच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी तिच्यातलं हे वेड ओळखलं, आप्पांच्या मागं लागल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून तिला बडोद्याला नृत्य शिकायला धाडलं. तेव्हा आमच्या गावात 'नाच' हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. पारावर लोक आवाज खाली आणून बोलत, बायका नदीवर आईला आडून आडून विचारत. आप्पा कुणालाच उत्तर देत नसत. मात्र तिची वळकटी डोक्यावर घेऊन ते स्वतः तिला गाडीत बसवायला परभणीपर्यंत आले आणि गाडी हलल्यावर कितीतरी वेळ रिकाम्या रुळांकडे पाहत उभे राहिले. त्या दिवशी मला वाटलं होतं की ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी मला भजी खाऊ घातली.

बडोद्यात ती आधी शास्त्रीय नृत्य शिकली, आणि मग तिला भेटलं ते आधुनिक नृत्य. सुट्टीत आली की मला समजावून सांगायची. घुंगरू नाहीत, दागिने नाहीत, देवादिकांची कथा नाही. फक्त अनवाणी देह, त्याचं वजन, त्याचा श्वास. पडणं हीसुद्धा नृत्यातली एक क्रिया आहे आणि उठणं ही दुसरी, हे ऐकून मी थक्क झाले होते. तिथल्याच एका मैत्रिणीनं तिला कॅमेरा हाती धरायला शिकवला. कॅमेराही पाऊल टाकतो, तोही दम घेतो, त्यालाही नाचवता येतं, हे तिला उमगलं आणि मग ती नुसती नर्तकी राहिली नाही. देह, चित्र आणि यंत्र या तिघांना एका तालात बांधायचं, हा तिचा ध्यास झाला.

शिक्षण संपल्यावर ती मुंबईला जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली परभणीला, माझ्या दारात. मी तोवर इथल्या एका शाळेत मराठी शिकवू लागले होते. "अगं, इथं काय करणार तू?" मी विचारलं. चपला काढता काढता ती म्हणाली, "कापूस वेचणारी बाई कमरेतून कशी वाकती, दिवसभर वाकून शेवटी कशी सरळ होती, ते मला मुंबईत कोण दाखवणार?"

परभणीत तेव्हा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांचा जमाना होता. आमच्या शाळेच्या रस्त्यावर रफीकभाईंचं दुकान होतं. त्यांच्याकडे खांद्यावर घ्यायचा कॅमेरा होता, दोन चित्रं एकमेकांत मिसळणारा मिक्सर होता आणि हैदराबादहून आणलेला एक संगणक होता, ज्यावर ते नवरानवरीची नावं फिरवत, त्यांच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या पाडत. या यंत्रांकडून अक्कानं काय मागावं? तिनं पाकळ्या काढून टाकायला सांगितल्या. हात उचलला की त्याच्या मागं त्याच हाताच्या पुसट प्रतिमा राहाव्यात, धावणारं पाऊल मध्येच सावकाश व्हावं, एकच मुलगी पडद्यावर चार जागी दिसावी, आणि हे सारं रंगमंचावर नाचणाऱ्या जिवंत मुलीच्या श्वासाशी जुळावं, असं तिचं मागणं.

रफीकभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "क्या बोलरे बाई तुमी! लोगां कॅसेटमें दिल का निशान मंगते, फूलां मंगते. तुमी सादा अंधेरा मंगरे."

"अंधार नाही हो रफीकभाई. अंधारात एक हात. बाकी काही नको."

"बस, एक हात?" ते हसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं यंत्रासमोर बसले ते संध्याकाळी उठले. पुढं लग्नसराई संपल्यावर तर त्या दुकानाची प्रयोगशाळाच झाली. मी डबा घेऊन जायची तेव्हा पडद्यावर कधी ज्वारी पाखडणाऱ्या हातांचं पाखरू झालेलं असायचं, कधी पाण्यात पडलेली सावली पाण्यावाचून एकटीच चालत असायची. त्या किमयेचं वर्णन मी कोणत्या शब्दांत करू? भाषा शिकवणारी मी, मला भाषा अपुरी पडे. आणि ऊर मात्र भरून येई: ही माझी बहीण!

तिनं नाच बसवायला घेतला तो 'हाक' या नावाचा. येलदरीला जाऊन आधी आप्पांचा आवाज भरून घेतला. आप्पा लाजून कॅमेऱ्याकडं पाठ करून उभे राहिले. "आगं, हाक काय डब्यात भरायची असती व्हय?" पण मेंढ्या लांब जायला लागल्या तसे ते डबा विसरले आणि ती हाक माळभर पसरली.

नाचात अक्कानं तयार केलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या दोघीच मुली होत्या. एक हाक मारते, दुसरी ओ देते. दोघींमधलं अंतर कमी होतं, वाढतं, पुन्हा कमी होतं आणि अखेरीस मिटतं. हाक मारणारी शोभा ही एका मोठ्या बागायतदाराची मुलगी. उंच, थोडी हट्टी, पायात विलक्षण जोर असलेली. ओ देणारी प्रज्ञा चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं कॉलेजला यायची. वडील रेल्वेत गँगमन. ती बोलायची कमी, पण तिची पाठ बोलायची. नुसता खांदा वळवून ती असं काही सांगून जाई की तालमीच्या खोलीतली कुजबुज थांबे. दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात, एकमेकींच्या वेण्या घालत. रंगमंचावर दोघी प्रत्यक्ष असायच्या आणि मागच्या पडद्यावर त्यांच्या प्रतिमा, असा मूळचा बेत.

पण ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न मराठवाड्यात कित्येक वर्षं धुमसत होता आणि त्या हिवाळ्यात तो पुन्हा पेटला. चहाच्या टपरीवर ओळखीची माणसं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र उघडलं की कुणीतरी उठून बाहेर जाई. बंद पुकारले जात, एसटी मध्येच थांबत. एका नावानं एवढं अंतर पडावं? की अंतर आधीपासूनच होतं आणि नावानं ते फक्त दाखवून दिलं? मी वर्गात नाम, सर्वनाम शिकवत असे आणि माझाच आवाज मला परका वाटे.

प्रज्ञा यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा. शोभा तालमीला येऊन हाक मारायची आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहत उभी राहायची. शेवटी अक्का म्हणाली, "चल, चुडाव्याला जाऊन येऊ." सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो.

प्रज्ञाचे वडील किसनराव कामावरून नुकतेच आले होते. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यापाशी टेकले. प्रज्ञा दाराआड उभी होती. अक्कानं विषय काढला तेव्हा ते हातातल्या टॉवेलची घडी करू लागले.

"पोरगी नाचती ह्याचं मला वाईट वाटत न्हाई बाई," ते म्हणाले. "लय आवडतं. ड्यूटीवरून आलो की म्हणतो, दाखव बरं आज काय शिकलीस. पण आमचं पयलं गाव दुसरं व्हतं. तिथं आमचं घर जाळलं तवा ही माझ्या कडंवर व्हती. तिला काई आठवत न्हाई. मला समदं आठवतंय. आता पुन्हा तशीच हवा सुटायलीय. पोरगी गाडीत बसली की ती उतरूस्तोवर माझा जीव रुळावर पडलेला असतो. तुमीच सांगा, कसं धाडू?"

अक्कानं त्यांना भरवसा दिला नाही, कारण देण्यासारखा भरवसा तिच्यापाशी नव्हता. तिनं दाराकडं पाहिलं. "प्रज्ञा, तुला नाचायचंय का?"

"हो बाई." आतून लगेच उत्तर आलं.

"मग तू येऊ नकोस. आम्हीच इथं येतो. किसनराव, तुमच्या अंगणात चालेल?"

"हितं?" त्यांनी शेणानं सारवलेल्या त्या लहानशा अंगणाकडं, समोरच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीकडं पाहिलं. "हितं नाच?"

"इथं ती नाचेल, ते आम्ही टिपून घेऊ. परभणीत शोभा नाचेल. दोघींची गाठ पडद्यावर घालू."

दोन दिवसांनी रफीकभाई कॅमेरा घेऊन आले. सबंध वस्ती अंगणाभोवती गोळा झाली. सावली चेहऱ्यावर येऊ लागली तेव्हा अक्कानं पांढरी चादर मागितली. ऊन तिच्यावर घेऊन ते प्रज्ञाच्या चेहऱ्यावर परतवायचं होतं. किसनराव म्हणाले, "मी धरतो." आणि रूळ सरळ करणारे ते राकट हात वर करून हा बाप उन्हात तसाच उभा राहिला, आपल्या लेकीच्या मुखावर उजेड धरून. आप्पांच्या हाकेचा टेप लागला. प्रज्ञाची मान वळली. त्या मान वळवण्यात काय नव्हतं? ओळख होती, भय होतं, ओढ होती आणि या सर्वांच्या वर मान उंच ठेवण्याची एक सहज ऐट होती. अक्का कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरत होती, वाकत होती, मागं सरत होती. त्या अंगणात दोघीजणी नाचत होत्या. एकीच्या खांद्यावर यंत्र होतं एवढंच.

परभणीच्या सभागृहात 'हाक'चा पहिला कार्यक्रम ठरला होता. तो आठवड्यावर आला तेव्हा आयोजन करणाऱ्या स्थानिक समितीचे अध्यक्ष आमच्या घरी आले. सज्जन माणूस; आवाजही मऊ. म्हणाले, "सुमनबाई, एवढा खटाटोप कशाला? त्या मुलीच्या जागी दुसरी घ्या की. मुलींना काय तोटा आहे?"

"हाक तिला मारलीय. ओ दुसरीनं कशी द्यायची?"

"बरं, असू द्या पडद्यावर. पण आडनाव तेवढं सांगू नका. सध्या दिवस कसे आहेत, तुम्ही जाणताच."

"शोभाचं आडनाव सांगायचं?"

"शोभाचं सांगा. त्याला कोण काय म्हणतंय?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते खाली पाहू लागले. अक्का शांतपणे म्हणाली, "दोघींची पूर्ण नावं पडद्यावर येतील. सगळ्यांत आधी, एकाच आकाराच्या अक्षरांत. नाहीतर 'हाक' होणार नाही." मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. कितीएक महिन्यांचं काम त्या एका वाक्यावर तिनं तोलून धरलं होतं, आणि तिचा आवाज तसूभरही हलला नव्हता. अध्यक्ष उठले. "जिम्मेदारी तुमची," एवढंच बोलून गेले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. रफीकभाईंनी एका व्हिडिओ पार्लरवाल्याकडून मोठा प्रोजेक्टर मिळवला होता. दिवे मालवले आणि काळ्या पडद्यावर आधी शोभाचं नाव आलं, मग प्रज्ञाचं. आडनावांसकट, शेजारी शेजारी. मागच्या रांगांतून कुजबुज उठली, कुणीतरी खोकलं, एकदोन खुर्च्या करकरल्या. तेवढ्यात आप्पांची हाक सुटली आणि सभागृह गप्प झालं.

शोभा अंधारातून पुढं आली. पडद्यावर चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्यासमोर प्रज्ञा. शोभा हात लांब करी तेव्हा पडद्यावर प्रज्ञाच्या हातामागं अनेक हात उमटत, जणू ओ एकटीची नव्हती, तिच्यामागं सबंध रांग उभी होती. एक पडे तेव्हा दुसरी उठे. चुडाव्याचं दुपारचं ऊन परभणीच्या त्या बंद सभागृहात पसरलं होतं.

आणि मध्येच चित्र थबकलं. विजेचा दाब कमीजास्त झाला असावा. प्रज्ञा हात पुढं केलेल्या अवस्थेत पडद्यावर गोठून राहिली, आवाज बंद. अंधारात रफीकभाईंचा "या अल्ला" ऐकू आला. अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आता शोभानं काय करावं? थांबून आत निघून जावं, प्रेक्षकांनी उठावं, आणि ज्यांना हे नकोच होतं त्यांनी समाधानानं घरी जावं?

शोभा आत गेली नाही. ती सावकाश पडद्याकडं चालत गेली आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. तिचा पोशाख पांढरा होता. प्रोजेक्टरचा झोत तिच्यावर पडला आणि प्रज्ञाचा चेहरा तिच्या छातीवर उमटला, प्रज्ञाचा हात तिच्या हातावरून पुढं आला. शोभानं आपला हात त्या हाताच्या रेषेत नेमका उचलला. कोणता हात कुणाचा, हे सांगता येईना. नाचात हे बसवलेलं नव्हतं. अक्काच्या तोंडून अस्फुट शब्द निघाला, "पोरी..."

किती वेळ दोघी अशा उभ्या होत्या, मला ठाऊक नाही. कुणी खोकलं नाही. मग कुठंतरी खट् आवाज झाला, चित्र हललं, आणि शोभाच्या देहावरची प्रज्ञा चालू लागली, तशी शोभाही तिच्याबरोबर चालू लागली. नाच पुरा झाला. मग बायकांच्या बाजूनं टाळी उठली आणि पसरत पसरत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. सगळे टाळ्या वाजवत होते असं मी म्हणणार नाही. काहीजण हाताची घडी घालून बसले होते. पण उठून कुणी गेलं नाही.

शोभाचे वडील पहिल्या रांगेत होते. नाचानंतर ते आत, रंगमंचामागं आले तेव्हा आम्ही सगळ्याच धास्तावलो. लेकीकडं न पाहता ते अक्काला म्हणाले, "तुमचं हे समदं मला पटलंय असं न्हाई बाई. पण आमची पोरगी आज खोटं नाचली न्हाई. एवढं दिसलं मला." मग वळून शोभाला म्हणाले, "स्वेटर घाल. बाहेर गारठा हाय." जीपमध्ये बसताना त्यांनी तिच्यासाठी पुढची जागा मोकळी ठेवली.

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. सगळं एका दिवसात निवळलं नाही, तसं कधी निवळत नसतंच. पण गाड्या सुरळीत झाल्या, तालमीची खोली उघडली, आणि एके दिवशी प्रज्ञा डबा घेऊन दारात उभी राहिली. 'हाक' पुन्हा झाला, यावेळी भर दुपारी, एका शाळेच्या पटांगणातल्या मांडवात. पडदा होता, रफीकभाईंचं यंत्रही होतं, उन्हात चित्र फिकं पडलं होतं; पण दोघींची भेट आता मातीवर झाली, श्वासाला श्वास लागून. किसनराव सुट्टी टाकून आले होते, धुतलेल्या सदऱ्यात, ताठ बसलेले. अक्का मांडवाच्या कडेला कॅमेरा लावून उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता, केस सुटलेले होते, आणि इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती.

अभिमान या शब्दाचा अर्थ मी मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. गर्व, अहंकार, स्वाभिमान असे त्याचे शेजारीही समजावून सांगते. पण मला वाटतं, आपल्या माणसाचा खरा अभिमान वाटतो तो त्याची उंची पाहून नव्हे. त्याच्या सावलीत आणखी कुणी ताठ उभं राहिलेलं पाहिलं की वाटतो. माझ्या बहिणीनं नृत्य केलं, चित्रं टिपली, यंत्रांना लय शिकवली. या गोष्टी मोठ्याच. तरी कुणी मला विचारलं, तुझ्या अक्कानं काय केलं, तर मला आधी आठवते त्या दिवशीची परभणी स्टेशनवरची संध्याकाळ.

आम्ही प्रज्ञाला आणि किसनरावांना सोडायला गेलो होतो. चुडाव्याकडं जाणारी पॅसेंजर यायची होती. फलाटावर बाजार करून परतणारी माणसं, बोचकी, शेंगदाणेवाले. मांडवातला कार्यक्रम पाहिलेलं एक म्हातारं जोडपं प्रज्ञाकडं पाहत पाहत जवळ आलं. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. फेट्यातल्या म्हाताऱ्यानं, अगदी सहज, आपल्याकडं सगळेच विचारतात तसं विचारलं, "लय झकास नाचली बगा. कुणाची म्हणायची पोर?"

अक्का काही बोलायच्या आत किसनराव पुढं झाले. गाडी धडधडत फलाटात शिरत होती, म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला. त्यांनी आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी हाय."